होइस्टखालची राखाडी चौकट

ती चौकट मी माउसने काढली होती. डावं बटण दाबून धरायचं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढायचं आणि सोडून द्यायचं. पडद्यावरचा तेवढा भाग राखाडी होतो आणि कॅमेरा तिथलं बघणं बंद करतो. चार सेकंदांचं काम. त्याबद्दल मी कित्येक महिने कुणाशी बोललो नाही, घरातसुद्धा नाही. मुळात मी कमी बोलणारा, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलंही नाही.

मी उंब्रजचा. अर्धं आयुष्य बांधकामांवर गेलं. आधी सुपरवायझर होतो, मग कंपनीने सेफ्टीचं काम माझ्याकडे दिलं. म्हणजे कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही, कुणी पट्टा न बांधता कडेला उभा आहे, हे बघत फिरायचं आणि शिव्या खायच्या. सांगलीत आमची दहा मजली इमारत चालू होती तेव्हा तिथे कॅमेरे आले. नुसतं चित्र साठवणारे नाहीत, बघून समजणारे. माणूस कुठला, हेल्मेट कुठलं, होइस्ट कुठलं, हे त्यांना ओळखता यायचं. होइस्ट म्हणजे माल वर नेणारी उघडी लिफ्ट. तिच्या खाली जमिनीवर पिवळा पट्टा रंगवला होता. होइस्ट वर असताना कुणी त्या पट्ट्यात पाय टाकला की हूटर वाजणार, असं ठरलेलं.

ते बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर मुलगी आली होती. आठवडाभर ती आमच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून साइटचे फोटो कॉम्प्युटरला शिकवत होती. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने एक मोठीच चूक केली. दुपारी ऊन चढलं की आमच्या बायका रिकामं घमेलं डोक्यावर पालथं घालायच्या. कॅमेऱ्याने त्या सगळ्यांना हेल्मेट घातलेल्या म्हणून हिरवा रंग दिला. ती मुलगी हसून हसून बेजार झाली. बायकांना ते कळलं तेव्हा त्यांच्यातली एक, बोलण्यात सगळ्यांत धीट, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आवं ताई, ह्यो डोळा आमच्या घरला बसवा की. नवरा कवा येतोय आन कशावर डुलत येतोय, तेवडं कळंल."

"आन हूटर वाजंल का गं?" दुसरीने विचारलं.

"वाजंल म्हंजी! गल्ली उठून बसंल."

ती धीट बाई पुढेही या गोष्टीत आहे. माझ्यापेक्षा लहान, पण दिसायला थकलेली. विजापूरकडून आलेलं कुटुंब, मराठी बोलताना मध्येच कानडी शब्द यायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूचं घमेलं आणि हात मोकळे सोडून ती चालायची. घमेलं असं न्यायचं तर हेल्मेट घालता येत नाही. पुण्याच्या मुलीने शेवटी कॅमेऱ्याला तेही शिकवलं: डोक्यावर घमेलं असलेली बाई वेगळी मोजायची.

जायच्या आधी तिने मला ती राखाडी चौकट दाखवली. "सर, समोर झाडाची फांदी हलत असेल, बॅनर फडफडत असेल, तर तेवढा भाग झाकायला हे आहे. माणसं जातात तिथे हे कधीच वापरायचं नाही." मी मान हलवली. वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

होइस्ट चालवणारा माणूस कडेगावकडचा. तोफखान्यातून निवृत्त झालेला, म्हणून त्याला सगळे फौजी म्हणायचे. तो बसायचा तिथून होइस्टची खालची पलीकडची बाजू दिसायची नाही, मध्ये पत्र्याचं शेड होतं. म्हणून प्रत्येक वेळी होइस्ट खाली सोडताना तो लांब शिट्टी मारायचा. बायका शिट्टी ऐकून वर बघायच्या आणि थांबायच्या. ही जुनी रीत. हूटर आल्यावर दोन आवाजांनी गोंधळ होतो म्हणून शिट्टी बंद करायला मीच सांगितलं. त्याने शिट्टी खिळ्याला अडकवली.

मग एक बदल झाला, तो मला तेव्हा दिसला नाही. बायका वर बघायच्या थांबल्या. त्या आता नुसत्या ऐकायला लागल्या. हूटर वाजला नाही म्हणजे जायला हरकत नाही.

शेवटच्या मजल्याचा स्लॅब होता त्या सकाळी काँक्रीट वर चढवणारा पंप बंद पडला. स्लॅबला सुरुवात झालेली, नारळ फोडून झालेला. स्लॅब अर्ध्यात थांबवता येत नाही. थांबला तर जुन्या आणि नव्या मालाचा सांधा नीट धरत नाही आणि पुढे तिथून जन्मभर पाणी गळतं. सगळा माल होइस्टने वर न्यायचं ठरलं. होइस्ट वर गेलं की खाली पुढची ट्रॉली भरून तयार हवी. ट्रॉली भरताना कुणा ना कुणाचा पाय पट्ट्यात पडायचा आणि हूटर वाजायचा. हूटर वाजला की फौजी जागच्या जागी होइस्ट थांबवायचा. त्याला तसंच सांगितलेलं होतं आणि सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. पंधरा मिनिटांत दहा वेळा होइस्ट अधांतरी थांबलं. वरून मुकादम ओरडला, "आवं सायब, त्या भोंग्याच्या तोंडात बोळा घाला की कुणीतरी!"

मी ऑफिसात गेलो आणि बोळा घातला. पिवळ्या पट्ट्यावर बरोब्बर बसेल अशी चौकट काढली.

त्या दिवसापुरतं बोलायचं तर मी अगदीच निष्काळजी नव्हतो. दिवसभर स्वतः पट्ट्याशेजारी उभा राहिलो, हाताने माणसं अडवली, घसा बसेपर्यंत ओरडलो. स्लॅब एका दमात पुरा झाला. संध्याकाळी सगळ्यांना जिलेबी वाटली. मी दोन खाल्ल्या.

चौकट काढून टाकायला मी विसरलो, असं इथे लिहिलं असतं तर सोपं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला पडद्यावर दिसली. काढणारच होतो, तेवढ्यात मालकांचा फोन आला. रोज संध्याकाळी हूटर किती वेळा वाजला तो आकडा त्यांना पाठवायचा असे. मोठा आकडा गेला की ते विचारत, तुम्ही तिथे करता काय? त्या फोनवर ते म्हणाले, काल सकाळनंतर एकदम शांत, असंच राहू दे. त्या दिवशी मी शून्य पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला. तिसऱ्या दिवशी मी चौकटीकडे बघितलं आणि चहा प्यायला बाहेर गेलो. नंतर नंतर तर ती दिसायचीही बंद झाली. समोर असूनही.

एकदा फौजी ऑफिसच्या दाराशी आला. "सायब, हूटर लय दिस गप्प हाय. बिघडला न्हाई न्हवं?"

"बायका शिकल्या आता," मी म्हणालो.

"व्हय?" तो म्हणाला. "मग बरं हाय."

त्याच दिवशी ती धीट बाई घमेलं घेऊन पट्ट्यातून आरपार गेली. वाळूच्या ढिगाकडे जायला ती जवळची वाट. हूटर वाजला नाही. होइस्ट तेव्हा वरच्या मजल्यावर उभं होतं, म्हणून काही झालं नाही. माझ्यासमोरून जाताना ती खुशीत म्हणाली, "बगितलं का सायेब? वळखतो आता त्यो आमाला. वराडत न्हाई."

मी हसलो होतो. ते हसणं मला अजून आठवतं.

स्लॅबनंतर तेरावा दिवस. दुपारची वेळ. मी टाकीजवळ उभा होतो. होइस्ट रिकामं खाली येत होतं. ती पट्ट्यात शिरली तेव्हा तिच्या डोक्यावर भरलेलं घमेलं होतं. मला ओरडायला एक क्षण मिळाला असेल, नसेल. होइस्टची कड आधी घमेल्यावर बसली, मग खांद्यावर. घमेलं चेपलं, म्हणून डोकं वाचलं. वाळू उडाली, आणि नंतर जो आवाज आला तो मला लिहायचा नाही.

सगळे तिच्याकडे धावले. आरडाओरडा ऐकून फौजी होइस्ट जरा वर घेऊन, थांबवून शेडला वळसा घालून धावत आला. मुकादम, गवंडी, बायका, सगळे.

मी ऑफिसात गेलो.

हे मी पहिल्यांदाच सरळ लिहितो आहे, म्हणून पुन्हा लिहितो. बाई खाली पडलेली असताना मी तिच्याकडे गेलो नाही. उलट्या दिशेला पळालो, खुर्चीत न बसता वाकून माउस धरला. चौकट निवडून पुसायचं बटण दाबलं. चौकट गेली. कॅमेऱ्याला पट्टा दिसायला लागला, पट्ट्यातली माणसं दिसायला लागली, होइस्ट त्यांच्या डोक्यावर अधांतरी होतंच. हूटर वाजायला लागला. तिला उचलणाऱ्या माणसांवर तो ओरडत राहिला. कुणीतरी म्हणालं, "आरं, हूटर तर वाजतोय की! मग हे झालं कसं?"

सगळ्यांच्या माना फौजीकडे वळल्या.

गडबडीत माणसाला आवाज आठवतो, तो कधी सुरू झाला ते आठवत नाही. संध्याकाळपर्यंत सगळी साइट सांगत होती की हूटर आधीपासून वाजत होता. कॅमेऱ्याच्या चित्राला आवाज नव्हता. बाई शुद्धीवर आल्यावर म्हणाली की वाजलाच नाही. लोक म्हणाले, मार लागलाय, तिला काय आठवणार. फौजी एकटा म्हणत राहिला, "वाजला न्हवता सायब. वाजला असता तर म्या थांबवलं असतं. देवाशपथ." तो हे माझ्याकडे बघून म्हणायचा. बाकीच्यांपेक्षा माझ्यावर त्याचा विश्वास जास्त होता.

मालकांनी त्याचे कान तपासून घ्यायला लावले. तोफांजवळ एवढी वर्षं काढलेला माणूस. डावा कान कमी निघाला. त्या कागदाने प्रश्नच संपवला. मी शेजारी उभा होतो. फौजीने कागद हातात घेतला, दूर धरून वाचला, आणि मला त्याच्या तोंडावर काहीतरी बंद होताना दिसलं. त्यानंतर तो "वाजला न्हवता" म्हणाला नाही.

मला मात्र दुसरीच भीती होती. हूटर किती वाजता वाजला, चौकट कोणी, किती वाजता काढली आणि पुसली, याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. ती महिनाभर राहते, मग जुन्यावर नवीन लिहिलं जातं. पुण्याहून त्या मुलीचा फोन आला. "सर, अपघाताचं कळलं. मी नोंदी काढून पाठवू का? उपयोग होईल."

"नको," म्हणालो, "कारण कळलंय. ऑपरेटरचा कान."

"ओह." मग तिने विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना, सर?"

"हो."

महिनाभर मी रोज पडद्यासमोर बसून दिवस मोजले. ऑफिसच्या दाराशी कुणी थांबलं की मी पडदा बंद करायचो. जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, त्या बाईचं फारच मनाला लावून घेतलंय तुम्ही. ती आणखी मायेने वागायची, तेही सोसायचं नाही. महिना संपला. नोंद गेली. त्या दिवशी मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. झालं नाही.

मालकांनी फौजीला कामावरून काढलं; जाण्याआधी तो सांगलीच्या दवाखान्यात त्या बाईला भेटायला गेला. मीही बरोबर होतो. त्याने हात जोडले. म्हणाला, "बाई, माझ्या कानानं घात केला." ती प्लास्टरमधून जरा हलली. "दादा, कान काय तुमी मुद्दाम घालवला का?" म्हणाली. दोघं एकमेकांची समजूत काढत होते. मी खिडकीतून रस्ता बघत होतो. तिचा उजवा हात पुढे खांद्याच्या वर कधी गेला नाही. घमेलं उचलायचं संपलं.

हे असंच राहिलं असतं. पण पुढच्या वर्षी साताऱ्यात आमचं नवं काम सुरू झालं, आणि तिथल्या होइस्टवाल्यांना दोन शब्द सांगायला मला उभं केलं. भिंतीवर चित्रं दाखवायची होती. तिसऱ्या चित्रावर लिहिलं होतं, 'ऐकू कमी येणाऱ्या ऑपरेटरमुळे झालेला अपघात'. खाली आमचं सांगलीचं होइस्ट. मी पाठ केलेलं बोललो. मागून एकाने विचारलं, "सायब, आन हूटरच वाजला न्हाई तर? आमी काय करायचं?"

खोलीत हशा पिकला. मी पाण्याची बाटली उचलली, ठेवली, आणि डोकं दुखतंय म्हणून बाहेर पडलो. मोटरसायकल काढली. उंब्रजला घराच्या फाट्यावर थांबलो नाही. कऱ्हाडही मागे टाकलं. कडेगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा कुठे मला कळलं की मी कुठे चाललोय.

फौजीचं घर उसाच्या रानाला लागून. तो ओट्यावर बसला होता. कानाला मशीन लावलेलं. मला बघून उठला, हाक मारली, "आगं, सायब आल्यात, च्या टाक." मग म्हणाला, "पोरानं धाडलंय मशीन. तो बी फौजेत हाय न्हवं. आता काय, गाडी सोडली सायब. मोटरसायकल घरातच हाय. मागनं कोण येतंय कळंल न कळंल, कशाला उगा कुणाचा जीव घ्या?"

त्याच्या बायकोने आतून सांगितलं, "मी सांगती ह्यास्नी, तुमाला ऐकू येतंय. आतलं भांडं पडलेलं कळतंय, मग? पर इस्वासच न्हाई."

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगायला लागलो. त्याने मशीन काढून बाजूला ठेवलं. "ह्यात खरखर लय. बोला आता."

मी सगळं सांगितलं. चौकट, जिलेबी, शून्य, माउस. संपल्यावर तो म्हणाला, "म्या इचाराय आलो व्हतो. तवा व्हती ती चौकट?"

"होती."

"आन तुमास्नी ठावं व्हतं?"

"होतं."

त्याची बायको चहा घेऊन दारात आली होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "न्हे तो माघारी." तिने कपबशी तशीच परत नेली. आमच्याकडे कुणाच्या दारातून चहा परत जात नाही. मला तेव्हा कळलं की मी मार खायच्या तयारीने आलो होतो. या गोष्टीची तयारी नव्हती.

तो आत गेला आणि नातवाची वही आणि पेन घेऊन आला. "लिवा. सही करा."

मी ओट्यावर बसून लिहिलं. वाचून दाखवा म्हणाला. मी वाचलं: स्लॅबच्या दिवशी होइस्टखालचा भाग कॅमेऱ्यापासून झाकला, नंतर तो नजरचुकीने तसाच राहिला...

"थांबा." त्याने बोट ठेवलं. "ते नजरचुकीनं खोडा."

मी खोडलं.

"आता त्या बाईसाठी दुसरा कागद. तो तुमी सवता न्या. म्या येनार न्हाई."

निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत आला. निरोप द्यायला नव्हे, कागद खिशात नीट ठेवला की नाही ते बघायला. मी गाडीला किक मारणार, तेवढ्यात त्याने माझा दंड धरून मला गाडीसकट कडेला ओढलं. मी चिडून वळलो. आणि मग उसाने भरलेला ट्रॅक्टर वळणावरून बाहेर आला. मला त्याचा आवाजच आला नव्हता. ट्रॅक्टर गेला. फौजी त्याच्या मागे बघत राहिला, मग हात कानाला लावला. मशीन ओट्यावर होतं.

तो घराकडे वळला.

पहिला कागद मी कंपनीत दिला. चौकशी चालू आहे, मी कामावर नाही. त्याचं जे व्हायचं ते होईल. पुण्याच्या मुलीचाही फोन आला होता. ती रडत होती की रागात होती, कळलं नाही. एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला, सर." फौजीला मालकांनी निरोप धाडला, परत या. तो गेला की नाही मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला उरलेला नाही.

दुसरा कागद घेऊन सांगलीला गेलो. ती आता एका पत्र्याच्या खोलीपुढे बसून डाव्या हाताने मेथी निवडून विकते. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तोंडी सांगितलं. फौजीचा कान नव्हता, हूटर खरंच वाजला नव्हता, तो मी बंद केला होता. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं शिव्या देईल. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हंजी," ती म्हणाली, "त्या डोळ्यानं आमाला वळखलं न्हवतंच म्हना."